निवळ आणि साका : महाविद्यालयीन नॅनोसंशोधनातील विलगीकरणाच्या उपेक्षेची चिकित्सा
(पालघर, बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये नॅनोकण या विषयाने जेवढे स्थान मिळविले तेवढे अन्य कोणत्याही एका विषयाने क्वचितच मिळविले असेल. एखाद्या झाडाच्या पानांचा काढा, सिल्व्हर नायट्रेटचे विरल द्रावण, शंक्वाकृती चंबू आणि थोडा धीर एवढ्या साहित्यावर पिवळसर तपकिरी रंगाचे कलिल तयार होते. अल्प खर्चात विद्यार्थ्याला संशोधनाचा पहिला आनंद देणारा हा प्रयोग आहे, आणि त्याचे हे मोल प्रारंभीच मान्य केले पाहिजे. तथापि या विषयावरील महाविद्यालयीन शोधनिबंध ओळीने वाचीत गेल्यास एक उणीव वारंवार जाणवते. कण तयार कसे केले याला दोन-तीन पाने मिळतात. ते उरलेल्या द्रावणातून वेगळे कसे केले, धुतले कसे, त्यांत काय शिल्लक राहिले, याला मात्र एखादे वाक्य मिळते. प्रस्तुत लेखात या एका वाक्याची चिकित्सा करावयाची आहे.

या लेखास निमित्त झाले ते एका माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंगद्रव्य कारखान्यात तो उत्पादन विभागात काम करतो. प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले एक भित्तिपत्रक पाहून त्याने सहज विचारले, "सर, तुमचा एमएल कुठे गेला?" एमएल म्हणजे मदर लिकर, स्फटिक किंवा साका काढून घेतल्यावर मागे उरणारे द्रावण. कारखान्यात प्रत्येक बॅचच्या कागदावर त्याची नोंद असते. फिल्टरवर किती केक आला, तो किती पाण्याने धुतला, धुवण उदासीन झाले की नाही आणि एमएलमध्ये किती माल गेला, हे लिहिल्याशिवाय तेथे बॅच पूर्ण होत नाही. आमच्या भित्तिपत्रकावर यांपैकी काहीही नव्हते.

विलगीकरणाची परंपरा

गढूळ पाण्याच्या माठाला आतून निवळीची बी घासणे किंवा पाण्यातून तुरटी फिरविणे ही आपल्याकडील जुनी रीत. पाण्यातील मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युत्भारामुळे एकमेकांना दूर ठेवतात. तुरटीतील त्रिभारित ॲल्युमिनियम हा भार निष्प्रभ करतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. शुल्झ यांनी १८८२ मध्ये आणि हार्डी यांनी १९०० मध्ये जो नियम मांडला त्याचे सार एवढेच की, आयनावरील भार जितका अधिक तितकी कलिल फोडण्याची त्याची शक्ती झपाट्याने वाढते. मिठातील एकभारित सोडियमपेक्षा तुरटी शेकडो पटींनी प्रभावी ठरते ती यामुळे.

कलिल ही संज्ञाही विलगीकरणाच्या प्रयोगातूनच जन्मास आली, याचे स्मरण आपल्या अध्यापनात फारसे राहत नाही. थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये पडद्यातून पार होणारे आणि न होणारे असे पदार्थांचे दोन वर्ग केले, पार न होणाऱ्यांना ते नाव दिले आणि या क्रियेला अपोहन, अर्थात डायालिसिस, म्हटले. त्यापूर्वी १८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे माणिकवर्णी कलिल तयार केले होते आणि त्यात मीठ पडताच लाल रंगाचा निळा होतो हेही पाहिले होते. स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात अतिवेगी अपकेंद्रक उभारला तो कणांचे आकारमान त्यांच्या खाली बसण्याच्या वेगावरून काढण्यासाठी. १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना कलिलांवरील याच कार्यासाठी मिळाले. अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर १९९३ मध्ये मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी कॅडमियम सेलेनाइडचे जवळजवळ एकाच आकाराचे कण मिळविले. त्यात तप्त द्रावकात द्रव्ये एकदम सोडण्याच्या युक्तीला जेवढे श्रेय आहे तेवढेच नंतरच्या निवडीला आहे. कणांच्या निलंबनात मेथॅनॉल थेंबाथेंबाने घालीत गेले की प्रथम मोठे कण खाली येतात. द्रवाला दुधाळ झाक येताच थांबायचे, साका वेगळा काढायचा आणि पुन्हा तेच करायचे. बावेंडी यांना २०२३ मध्ये नोबेल मिळाले.

आपल्या परिसरात तर हा विषय दूरचा असण्याचे काहीच कारण नाही. तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे त्याच परिसरात वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेचे संयंत्र उभे राहिले. ट्रायब्युटिल फॉस्फेटच्या साहाय्याने युरेनियम व प्लुटोनियम हे उरलेल्या किरणोत्सारी द्रव्यांपासून वेगळे काढणे हेच तेथील मुख्य काम. औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मितीचे आणि रंगद्रव्यांचे कारखानेही प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक काळ गाळणे, धुणे आणि सुकविणे याच क्रियांत गुंतलेले असतात.

त्या एका वाक्याची तपासणी

आता ते वाक्य पाहू. शब्द थोडेफार बदलतात, परंतु आशय असा असतो : 'तयार झालेले कलिल दर मिनिटास ४००० फेऱ्यांनी १५ मिनिटे अपकेंद्रकात फिरविले, साका ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला, भट्टीत सुकविला आणि भुकटी पुढील अभ्यासासाठी वापरली.' या भुकटीवरून क्ष-किरण विवर्तनाचा आलेख काढला जातो, शेरर यांच्या सूत्राने आकार काढला जातो आणि तो बहुधा २० नॅनोमीटरच्या आसपास येतो.

येथे स्टोक्सच्या नियमाने एक स्थूल हिशेब मांडून पाहावा. रुप्याची घनता पाण्याच्या साडेदहापट. २० नॅनोमीटर व्यासाचा रुप्याचा गोल कण केवळ गुरुत्वाने पाण्यात खाली जाऊ लागला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २ नॅनोमीटर भरतो. म्हणजे एक सेंटिमीटर उतरण्यास जवळजवळ दोन महिने. प्रत्यक्षात तो तेवढाही उतरत नाही, कारण ब्राऊनीय गती त्याला सतत ढवळीत असते. महाविद्यालयातील लहान अपकेंद्रकाची त्रिज्या १० सेंटिमीटर धरली तर ४००० फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे १८०० पट बल मिळते. या बलाखाली तोच कण १५ मिनिटांत अवघे साडेतीन मिलिमीटर अंतर कापतो. नळीतील द्रवाची उंची ५ सेंटिमीटर असल्यास वरच्या थरातील कण तळाशी येण्यास पावणेचार तास लागतील, आणि कण १० नॅनोमीटरचा असल्यास त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे १५ तास.

उलट बाजूने पाहिल्यास, १५ मिनिटांत ५ सेंटिमीटर खाली येऊ शकणाऱ्या एकट्या कणाचा व्यास सुमारे ७७ नॅनोमीटर असला पाहिजे. वनस्पतीच्या अर्कातील सेंद्रिय द्रव्यांचे जाड वेष्टण कणावर असेल तर त्याची सरासरी घनता उतरते आणि त्याला आणखी वेळ लागतो.

याचा अर्थ फारसा सुखावह नाही. निबंधात म्हटल्याप्रमाणे कण खरोखरच २० नॅनोमीटरचे आणि सुटे असतील, तर त्यांतील बहुतांश साक्यात आलेच नाहीत. ते वरच्या निवळीत राहिले आणि निवळ मोरीत ओतली गेली. साक्यात जे आले ते मोठे कण, किंवा लहान कणांचे एकमेकांना चिकटलेले गोळे, आणि त्यांच्याबरोबर पानांतील तंतू, प्रथिने, टॅनिन. शेरर यांचे सूत्र कणाचा आकार सांगत नाही. कणातील एकसंध स्फटिकाचा आकार सांगते. शंभर स्फटिकांचा एक ढेकूळ झाला तरी सूत्र २० नॅनोमीटरच सांगणार. अशा रीतीने आलेख एका वस्तूचा, दावा दुसऱ्या वस्तूचा आणि मूळ वस्तू सांडपाण्यात अशी स्थिती होते. शिवाय ६० ते ८० अंश सेल्सिअसला सुकविलेली भुकटी पुन्हा पाण्यात ढवळली म्हणजे सुटे कण परत मिळतात हे गृहीतही तपासलेले नसते.

'४००० फेऱ्या' हा उल्लेखच अपुरा आहे, हेही नोंदवावे लागते. त्रिज्या दिल्याशिवाय फेऱ्यांवरून बल कळत नाही. दुसऱ्या महाविद्यालयात दुसऱ्या यंत्रावर हा प्रयोग कोणी करू गेला तर त्याला वेगळाच साका मिळेल आणि दोष विद्यार्थ्याच्या हाताला दिला जाईल.

ही त्रुटी शोधण्यास महागडे उपकरण लागत नाही. रुप्याचे सूक्ष्म कण ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या सुमारास प्रकाश शोषतात आणि त्यामुळेच कलिल पिवळे दिसते. अपकेंद्रणानंतरची निवळ वर्णपटमापकात ठेवून पाहावी. त्या ठिकाणी शिखर शिल्लक असेल तर कण शिल्लक आहेत. हे उपकरण आज बहुतेक रसायनशास्त्र विभागांत आहे. निवळीचा वर्णपट मात्र निबंधांत अपवादानेच आढळतो.

जंतुनाशक कोण : कण की आयन?

अशुद्ध कणांचा सर्वांत गंभीर परिणाम जीवशास्त्रीय भागात दिसतो. आगराच्या थाळीत खळगा करून त्यात रुप्याचे कलिल भरतात आणि भोवतीचे जंतुविरहित वर्तुळ मोजतात. वर्तुळ मोठे, म्हणून कण प्रभावी, असा निष्कर्ष निघतो. परंतु क्षपण न झालेला सिल्व्हर नायट्रेट कलिलात शिल्लक असेल तर त्यातील आयन स्वतःच प्रबळ जंतुनाशक आहेत. पाण्यात २० नॅनोमीटरच्या कणाचा विसरण गुणांक रुप्याच्या आयनाच्या सुमारे पंच्याहत्तराव्या हिश्शाएवढा असतो, आणि आगराच्या जाळीत तर कण अधिकच अडखळतो. म्हणजे वर्तुळ मोजताना आपण प्रामुख्याने जे लवकर पसरते तेच मोजतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्राणवायूविरहित स्थितीत, जेथे कणांपासून आयन सुटू शकत नाहीत तेथे, हा प्रयोग केला. तेव्हा रुप्याच्या कणांचा जंतुनाशक प्रभाव जवळजवळ दिसेनासा झाला.

यावरून वनस्पतीजन्य कणांवरील सर्व काम व्यर्थ ठरते असे कोणी म्हणू नये. परंतु ज्या निबंधात तेवढ्याच रुप्याचे सिल्व्हर नायट्रेट, केवळ पानांचा अर्क आणि कण काढून घेतल्यानंतरचा द्रव या तिन्ही तुलना नाहीत, त्यातील वर्तुळाचे मिलिमीटर हे कणांच्या गुणाचे माप मानता येणार नाही. परीक्षक म्हणून अशा निबंधांना प्रस्तुत लेखकाने पूर्वी अनुकूल अभिप्राय दिलेला आहे, हे येथे कबूल करणे भाग आहे.

आवाक्यातील पद्धती

'आमच्याकडे अतिवेगी अपकेंद्रक नाही' ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे, पण पुरेशी नाही. ग्रॅहॅम यांच्याकडेही तो नव्हता. अपोहनाची नळी, म्हणजे सेल्युलोजचा पोकळ पडदा, तुलनेने स्वस्त मिळतो. त्यात कलिल भरून दोन्ही टोके बांधावीत आणि नळी ऊर्ध्वपातित पाण्याच्या मोठ्या चंचुपात्रात सोडून चुंबकीय ढवळणीवर ठेवावी. आयन आणि लहान रेणू बाहेर पडतात, कण आत राहतात. पाणी ठरावीक तासांनी बदलावे आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या पाण्याची विद्युत्वाहकता मोजावी. ती वाढेनाशी झाली की धुणे पूर्ण झाले असे समजावे. कारखान्यातला कामगार धुवणाचा सामू पाहतो त्याच जातीची ही कसोटी आहे. दोन सावधगिरी मात्र आवश्यक आहेत. नळाच्या पाण्यात क्लोराइड असते आणि रुप्याचा आयन त्याच्याशी संयोग पावून पांढरा साका देतो, म्हणून नळाचे पाणी वापरू नये. दुसरे असे की, हवेतील प्राणवायूमुळे रुप्याच्या कणाचा पृष्ठभाग हळूहळू विरघळत राहतो. आज धुतलेले कलिल महिन्याने पुन्हा आयनयुक्त झालेले असते. धुण्याची तारीख आणि वापरण्याची तारीख दोन्ही लिहिली पाहिजेत.

जीवशास्त्र विभागात डीएनएसाठी वापरली जाणारी ॲगरोज जेलची पेटी असते. तीत सोन्याचे कण सोडले तर भार आणि आकार यांनुसार त्यांचा लाल पट्टा सरकताना डोळ्यांनी दिसतो; रंगद्रव्याची गरजही पडत नाही. साध्या साखरेच्या वाढत्या घनतेच्या थरांवर कलिल हलकेच ओतून कमी वेगाने अधिक वेळ फिरविले तर कण आकारानुसार पट्ट्यांत विभागतात. ही पद्धत पेशींचे भाग वेगळे करण्यासाठी जीवशास्त्रज्ञ कित्येक दशके वापरीत आले आहेत. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विभाग एकाच मजल्यावर असूनही ही देवाणघेवाण होत नाही, याचे कारण वैज्ञानिक नाही.

कणांच्या हाताळणीविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. आर्थर ॲश्किन यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह लेसरच्या एका झोताने सुमारे २५ नॅनोमीटरपर्यंतचे कण पकडून दाखविले, त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळाले, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशा प्रकाशचिमट्याने पेशींतील प्रथिनांचा अभ्यास झालेला आहे. कणाचा व्यास निम्मा झाला की पकडणारे बल आठव्या हिश्शावर येते, एवढे सूत्र वर्गात सांगता येते. यंत्र महाविद्यालयात बसविता येत नाही.

तारापूरच्या सांडपाण्याविषयीचे दावे

पालघर परिसरातील संशोधनात दुसरा आवडता विषय म्हणजे नॅनोकणांनी रंगद्रव्य शोषून सांडपाणी शुद्ध करणे. प्रस्तावनेत तारापूरच्या प्रदूषणाचा उल्लेख येतो, आणि तो यथार्थच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण होते आणि देशातील औद्योगिक क्षेत्रांत ते सर्वांत वरच्या स्थानी होते. किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात २०१६ मध्ये अर्ज केला. सामूहिक प्रक्रिया केंद्रातून येणारे पाणी वाहिनीने नवापूरजवळ समुद्रात जाते. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांचा चरितार्थ त्या समुद्रावर आणि खाड्यांवर आहे.

परंतु प्रस्तावनेनंतर निबंधात तारापूर परत येत नाही. प्रयोग होतो तो ऊर्ध्वपातित पाण्यातील मिथिलीन ब्ल्यूवर, लिटरला काही मिलिग्रॅम या प्रमाणात. वसाहतीतील रंगद्रव्याचे पाणी असे नसते. अनेक रंगद्रव्ये द्रावणातून खाली आणण्यासाठी कारखान्यात मीठ घालतात. ते मीठ मदर लिकरबरोबर बाहेर पडते. मीठ भरपूर असलेल्या पाण्यात कणांभोवतीचा विद्युत्थर आक्रसतो, कणांचे गोळे होतात, मोकळा पृष्ठभाग घटतो आणि भार पाहून होणारे अधिशोषणही मंदावते. ऊर्ध्वपातित पाण्यात दाखविलेली ९५ किंवा ९८ टक्के कार्यक्षमता तेथे टिकेल असे मानण्यास आधार नाही.

याहून मोठा प्रश्न कण परत काढण्याचा. चुंबकीय लोहकणांचा येथे उपयोग होतो यात शंका नाही. २००६ मध्ये राइस विद्यापीठातच १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट कण तुलनेने साध्या चुंबकीय क्षेत्राने ओढून पाण्यातील आर्सेनिक काढता येते हे दाखविले गेले. मात्र महाविद्यालयीन निबंधात चंबूच्या भिंतीला चुंबक लावलेले छायाचित्र असते आणि पाणी स्वच्छ दिसते. त्या स्वच्छ पाण्यात किती लोह राहिले, हे मोजलेले नसते. लोहासाठी थायोसायनेटची वर्णमापन चाचणी बारावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पाण्यात आम्ल घालून उरलेले कण विरघळवून घेतले की ती येथे चालते. रंगद्रव्य शोषलेला लोहकणांचा गाळ पुढे कोठे जाणार, याचाही उल्लेख नसतो. पाण्यातील विष गाळात आणले म्हणजे विष नाहीसे झाले असे वसाहतीतील कोणताही पर्यावरण अधिकारी म्हणणार नाही. त्याला त्या गाळाचा हिशेब द्यावा लागतो.

जे कण निसटतात त्यांचे काय होते, याचे उत्तर फॅरडे यांच्या बाटलीत आहे. सायट्रेटने स्थिर केलेले सोन्याचे कलिल लिटरला दोन-तीन ग्रॅम मिठाने फुटते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत द्विभारित मॅग्नेशियम व कॅल्शियमही असतात. नदीच्या गोड्या पाण्यातून आलेला कण खाडीच्या मुखाशी पोहोचला की त्याचा गोळा होणार आणि तो चिखलात बसणार. भरती-ओहोटीच्या त्याच चिखलात निवट्या, खेकडे आणि शिंपल्या असतात. रुप्याच्या कणांबाबत क्लोराइडमुळे ही रसायने आणखी गुंतागुंतीची होतात, पण कण समुद्रात विरून नाहीसे होतात ही समजूत कोणत्याही हिशेबात बसत नाही. आपल्या प्रयोगशाळांतून जाणारे प्रमाण वसाहतीच्या तुलनेत नगण्य आहे हे खरे. परंतु उपाय म्हणून जे सुचविले जाते त्याचे प्रमाण नगण्य राहणार नाही.

परीक्षणाचा प्रश्न

या सर्वांचा दोष विद्यार्थ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. निबंधांची संख्या वाढली आणि विलगीकरणासारख्या वेळखाऊ, आलेख न देणाऱ्या कामाला वाव राहिला नाही. अपोहनाला दोन दिवस लागतात आणि त्यातून एकही आकृती मिळत नाही. नियतकालिकांचे परीक्षकही विवर्तनाचा आलेख आहे का, सूक्ष्मदर्शकाचे चित्र आहे का, असे विचारतात. निवळीचा वर्णपट आहे का, असे विचारीत नाहीत. अपकेंद्रणाचे बल गुरुत्वाच्या पटीत, धुण्याची अखेरची वाहकता आणि साक्यात व निवळीत प्रत्येकी किती धातू मिळाला याचा ताळेबंद, एवढ्या तीन नोंदी नसतील तर निबंध परत पाठविण्यास कोणतीही अडचण नसावी. आपल्याच महाविद्यालयांच्या नियतकालिकांपासून याचा आरंभ होऊ शकतो.

प्रस्तुत लेखकाच्या प्रयोगशाळेत आता निवळ मोरीत ओतली जात नाही. ती झाकणाच्या बाटल्यांत, तारीख लिहून, कपाटात ठेवली जाते. पहिल्या खेपेची बाटली वर्ष उलटून गेल्यावरही पिवळी आहे आणि तिच्या तळाशी डोळ्यांना दिसेल असे काहीही बसलेले नाही. त्या बाटल्यांत मीठ घालून रुपे साक्यात उतरविण्याचे काम या सत्रात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे दिले आहे.